रोद्रिगेस म्हणजे रोद्रिगोचा मुलगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत जगातल्या आडनावांवर जो लेख आला होता त्यात रॉड्रिग्ज या आडनावाबद्दल दोनच वाक्यं होती, पण ती वाचल्यापासून मला राहवत नाहीये म्हणून हे पत्र. पहिलं वाक्य असं की स्पेनच्या रोद्रिगो राजाचं हे घराणं आणि आज जगात जितके रॉड्रिग्ज आहेत ते सगळे त्याचे वंशज. दुसरं असं की आपल्याकडे वसई-ठाण्याचे लोक या नावाच्या शेवटी झेडच्या ऐवजी एस लावतात ती जुन्या कारकुनांनी केलेली स्पेलिंग मिस्टेक आहे. ही दोन्ही वाक्यं चूक आहेत आणि दुसरं तर आपल्याच शेजाऱ्यांचं नाव चुकीचं ठरवणारं आहे, त्यामुळे त्याचं जास्त वाईट वाटलं.

मी काही भाषातज्ज्ञ नाही. ऐरोलीला एका कंपनीत अकरा वर्षं काम केलं, तिथे स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतल्या ग्राहकांचे फॉर्म आमच्याकडे यायचे, आम्ही ते तपासून सिस्टीममध्ये भरायचो. दिवसाला शेकडो नावं डोळ्याखालून जायची. त्याच कामासाठी म्हणून स्पॅनिश शिकले, संध्याकाळचे क्लास केले, आणि मग नावांचं जे वेड लागलं ते नोकरी सुटली तरी सुटलं नाही.

तर आधी रोद्रिगेसचा, म्हणजे रॉड्रिग्जचाच स्पॅनिश उच्चार, त्याचा अर्थ. स्पॅनिश आडनावांच्या शेवटी जो एस-सारखा आवाज येतो, लिहिताना ई आणि झेड, तो म्हणजे 'चा मुलगा' किंवा 'ची मुलगी'. रोद्रिगोचा तो रोद्रिगेस. फर्नांदोचा फर्नांदेस, गोन्सालोचा गोन्सालेस, मार्तीनचा मार्तिनेस, सांचोचा सांचेस, पेद्रोचा पेरेस, लोपेचा लोपेस. लोपे हे नाव लॅटिनमधल्या लांडग्याच्या शब्दावरून आलंय, तेव्हा लोपेस म्हणजे एका अर्थी लांडग्याचा पोरगा. हा शेवटचा प्रत्यय मुळात आला कुठून यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद आहेत पण त्याचा अर्थ काय याबद्दल वाद नाही.

आता तुम्हीच बघा हे आपल्याला परकं वाटायचं काही कारण आहे का. आपल्याकडे प्रत्येकाच्या नावात मधे वडिलांचं नाव असतंच. फरक इतकाच की आपलं मधलं नाव दर पिढीला बदलतं आणि मागे आडनाव कायम राहतं. स्पेनमध्ये पूर्वी आडनाव हा प्रकारच नव्हता, होतं ते फक्त हे 'अमक्याचा मुलगा', आणि तेही दर पिढीला बदलायचं. याचं सगळ्यात छान उदाहरण म्हणजे त्यांचा अकराव्या शतकातला प्रसिद्ध योद्धा, ज्याला लोक एल सिद म्हणतात, त्याचं खरं नाव रोद्रिगो दियास. दियास म्हणजे दिएगोचा मुलगा. त्याच्या वडिलांचं नाव दिएगो लाइनेस, म्हणजे लाईनचा मुलगा. आणि त्याच्या स्वतःच्या मुलाचं नाव काय तर दिएगो रोद्रिगेस! हा मुलगा 1097 साली कोन्सुएग्राच्या लढाईत मारला गेला, बाप त्यानंतर दोन वर्षांनी 1099 ला वारला. म्हणजे आजोबा लाइनेस, मुलगा दियास, नातू रोद्रिगेस, एकाच घरात तीन पिढ्या आणि तीन वेगळी नावं. घराणं कुठे आहे यात? पुढे हळूहळू लोकांनी ते बदलणं थांबवलं, जमिनीचे वारसे लावायचे तर कायमचं नाव सोयीचं पडायला लागलं, सोळाव्या शतकापासून चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या नीट ठेवल्या जायला लागल्या, आणि 1870 च्या कायद्याने सरकारी नोंदणी आली तेव्हा तर ते पक्कंच झालं. ज्या पिढीला हे गोठलं त्या पिढीच्या बापाचं किंवा आजोबा-पणजोबाचं जे नाव होतं ते कायमचं चिकटलं. म्हणजे दत्तात्रय पांडुरंग म्हात्रे मधला पांडुरंगच पुढे शंभर पिढ्यांचं आडनाव झाला असं समजा.

म्हणून एका राजाचे वंशज वगैरे काही नाही. रोद्रिगो राजा होऊन गेला हे खरं, व्हिजिगॉथ नावाच्या जर्मानिक (जर्मन-इंग्रजीच्या भाषाकुळातल्या) लोकांचा स्पेनमधला तो शेवटचा राजा मानतात, 711 साली अरब आणि उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांच्या फौजेपुढे हरला. पण रोद्रिगो हे त्या काळात गावोगावी ठेवलं जाणारं नाव होतं, आपल्याकडे एका पिढीत जसे घरोघरी सुरेश आणि रमेश तसे. हजारो रोद्रिगोंची हजारो पोरं वेगवेगळ्या गावांत रोद्रिगेस झाली, एकमेकांशी नात्यात नसताना. नावाचा अर्थ मात्र खरंच राजेशाही आहे, जर्मानिक भाषेतले दोन शब्द जोडून ते झालंय, पहिला कीर्ती या अर्थाचा आणि दुसरा सत्ताधीश या अर्थाचा, आणि हा दुसरा शब्द आपल्या संस्कृतमधल्या 'राजन्'चाच लांबचा भाऊबंद. मला विचाराल तर याचं मराठीत भाषांतर करायचं झालं तर सरळ यशराज.

याच रोद्रिगोचं लाडाचं छोटं रूप म्हणजे रुय, आणि रुयचा मुलगा तो रुईस. चित्रकार पिकासोचं वडिलांकडचं आडनाव रुईसच होतं, पाब्लो रुईस पिकासो, पिकासो हे आईचं. म्हणजे तोही या रोद्रिगोवाल्यांतलाच, फक्त ते कुणाच्या लक्षात येत नाही कारण जगाने आईचं नाव उचललं.

आता दोन आडनावांचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण सांगते, कारण पेपरात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, सहसा आधी वडिलांचं पहिलं आडनाव आणि मग आईचं पहिलं आडनाव. बाप रोद्रिगेस पेरेस, आई गार्सिया लोपेस, तर मुलगा रोद्रिगेस गार्सिया. आई लग्नानंतरही गार्सिया लोपेसच राहते, नाव बदलत नाही. आमच्या ऑफिसात सुरुवातीला नवीन आलेली मुलं नवरा-बायकोची आडनावं जुळत नाहीत म्हणून फॉर्म बाजूला काढून ठेवायची, आणि शेवटचा शब्द तो आडनाव असं धरून वडिलांचं आडनाव मधल्या रकान्यात ढकलायची. मग पुढे त्या माणसाचं दुसरं कागदपत्र आलं की सिस्टीमला ते दोन वेगळे लोक वाटायचे. फॉर्म बनवणाऱ्याने नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन डबे केले की जगातली अर्धी नावं त्यात मोडूनच बसतात, आपलीसुद्धा.

टेनिसवाल्या कार्लोस अल्काराझचं पूर्ण नाव कार्लोस अल्काराझ गार्फिया, नदालचं राफाएल नदाल परेरा. यांना कुणी गार्फिया किंवा परेरा म्हणत नाही कारण मुख्य आडनाव पहिलं. जाता जाता, अल्काराझ हे स्पेनमधल्या आल्बासेते प्रांतातल्या एका गावाचं नाव आहे, म्हणजे आपल्या 'कर'वाल्यांसारखंच. पण मग स्पेनचे 2004 ते 2011 पंतप्रधान असलेले होसे लुईस रोद्रिगेस सापातेरो, त्यांना सगळे सापातेरोच का म्हणायचे? कारण रोद्रिगेस इतके आहेत, इतके आहेत की नुसतं रोद्रिगेस म्हटलं तर कोणता ते कळणारच नाही. त्यामुळे आईकडचं वेगळं उठून दिसणारं आडनाव लोकांनी धरलं. सापातेरो म्हणजे बूट-चपला करणारा, तीही एक धंद्यावरून पडलेली आडनावाची जात, आपल्या सुतार-लोहारांसारखी.

हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही कारण मी करावे गावची. आमच्याकडे म्हात्रे, पाटील, भगत, ठाकूर, नाईक एवढ्या आडनावांत अर्धं गाव संपतं. रिक्षावाल्याला पाटलांच्या घरी सोड सांगितलं तर तो विचारणारच कोणते पाटील, मग आळीचं नाव सांगायचं, आजोबांचं टोपणनाव सांगायचं, तेव्हा पत्ता लागतो. नवी मुंबई झाली, सेक्टर आले, टॉवर आले तरी गावठाणात अजून हेच चालतं. सापातेरोंचं वाचलं तेव्हा मला पहिलं आमचं गावच आठवलं.

किती रोद्रिगेस आहेत ते सांगते. स्पेनमध्ये पहिला नंबर गार्सियाचा, पहिलं आडनाव गार्सिया असलेले चौदा लाखांहून जास्त लोक, आणि त्याच्या खालोखाल रोद्रिगेस आणि गोन्सालेस, दोन्ही नऊ लाखांच्या वर आणि एकमेकांच्या अगदी मागे-पुढे. गालिसिया भागात, पोर्तुगालच्या सीमेला लागून ओउरेन्से नावाचा प्रांत आहे, तिथे तर रोद्रिगेस सगळ्यांच्या पुढे. अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांवर पण खूप, आणि त्या बेटांवरून माणसं मोठ्या संख्येने क्युबाला गेली म्हणून क्युबातही हे आडनाव अगदी वरच्या रांगेत. कोलंबिया, उरुग्वेमध्ये तसंच. 2014 च्या फुटबॉल वर्ल्डकपमध्ये सहा गोल मारून गोल्डन बूट नेलेला तो हामेस रोद्रिगेस कोलंबियाचाच. अमेरिकेच्या 2000 सालच्या जनगणनेत पहिल्या दहा आडनावांत पहिल्यांदा स्पॅनिश आडनावं आली, गार्सिया आणि रॉड्रिगेझ, आणि 2010 ला मार्टिनेझही आलं, तेव्हा एकट्या अमेरिकेत रॉड्रिगेझ दहा लाखांवर होते. म्हणजे स्पेनपेक्षा जास्त! स्पेनमध्ये तर हे नाव इतकं सर्वसाधारण की उन्हाळ्यात बायको-मुलं गावाला गेली आणि नवरा एकटा शहरात कामाला राहिला तर त्याला 'रोद्रिगेस झालाय' म्हणायची पद्धत आहे, आपण बायको माहेरी गेली म्हणतो तसं.

आणि हो, सगळ्यांकडे हे नाव बापाकडूनच आलं असंही नाही. अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांना आणि आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांना बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मबापाचं, मालकाचं किंवा त्या भागात चालणारं आडनाव मिळालं. फिलिपाईन्समध्ये तर 1849 साली क्लाव्हेरिया नावाच्या स्पॅनिश गव्हर्नरने आडनावांची यादीच छापून गावोगावी वाटली आणि लोकांनी त्यातून आडनाव घ्यायचं असा हुकूम काढला. माझा मामेभाऊ जहाजावर आहे, त्याच्या बरोबरचे फिलिपिनो लोक दिसायला स्पॅनिश नाहीत पण आडनावं स्पॅनिश, ती अशी आलेली. त्यांच्यात आईचं माहेरचं आडनाव मधल्या नावाच्या जागी लिहितात, म्हणजे आपल्याकडे ज्या जागेवर वडील बसतात तिथे त्यांच्याकडे आई.

आता वसई-ठाण्याच्या एसचं. पोर्तुगीज भाषेत हाच प्रत्यय ई-एस असा लिहितात. रोद्रिगेसला स्पॅनिशमध्ये शेवटी झेड, पोर्तुगीजमध्ये एस. फर्नांडिस, गोन्साल्विस, लोपिस, आल्वारिस, सगळ्यांचं तसंच. ही दोन भाषांची दोन वेगळी स्पेलिंगं आहेत, चूक-बरोबर असं काही नाही. स्पॅनिशमध्ये झेडने संपणाऱ्या शब्दात जोर शेवटी जातो, तो आधीच्या अक्षरावर न्यायचा म्हणून त्यांच्या रोद्रिगेसमधल्या आय वर एक तिरकी रेघ द्यावी लागते. पोर्तुगीजमध्ये एसने संपणाऱ्या शब्दाला जोर आपोआप बरोबर जागी पडतो म्हणून रेघ नाही. कारकुनाच्या हलगर्जीपणाने इतकं नीटनेटकं काही होत नसतं.

वसई पोर्तुगीजांकडे 1534 ला गेली, 1739 ला चिमाजी अप्पांनी जिंकली, ठाणं त्याच्या दोन वर्षं आधी आलं. म्हणजे दोनशे वर्षं हा सगळा पट्टा त्यांच्याकडे होता, जे ख्रिस्ती झाले त्यांना बाप्तिस्म्याला पोर्तुगीज आडनाव मिळालं आणि पोर्तुगीज गेले तरी ते राहिलं. मधे 1580 ते 1640 पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा होता, पण कारभार पोर्तुगीज भाषेतच राहिला म्हणून एसचा झेड तेव्हाही झाला नाही. आज ही माणसं घरात मराठी बोलतात, 2020 ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर दिब्रिटो याच वसईच्या मातीतले. ठाण्याला मासुंदा तलावाजवळच्या चर्चबाहेर रविवारी उभं राहिलं की हे सगळं कानाने ऐकता येतं. त्यांच्या आडनावाचा एस हा जवळपास पाचशे वर्षांचा आहे, त्याला मिस्टेक कसं म्हणायचं?

माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाला याचा खराखुरा त्रास झालाय म्हणून जास्त पोटतिडकीने लिहितेय. त्यांच्या मुलीच्या एका दाखल्यावर कुणीतरी एसचा झेड करून टाकला, 'बरोबर' केला म्हणे, आणि पुढे बाकीच्या कागदांशी जुळेना म्हणून पोरीला प्रतिज्ञापत्र करा, जाहिरात द्या, पुन्हा चकरा मारा असं आठ महिने चाललं. कॉलेजची ॲडमिशन जाता जाता वाचली. ज्याने झेड केला त्याला बहुतेक फुटबॉलवाला रोद्रिगेस माहीत असावा, शेजारचा नसावा.

गार्सियाचं राहिलं. गार्सियाला शेवटी हा प्रत्यय नाही कारण ते मुळात पहिलं नावच होतं, उत्तर स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या म्हणजे नव्हाराच्या कितीतरी जुन्या राजांचं नाव गार्सिया. त्याच भागातल्या बास्क भाषेतल्या अस्वलाच्या शब्दावरून ते आलं असं बरेच जण मानतात, काही जण तरुण या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. आणि आपल्या मुंबईचा पण एक गार्सिया आहे, गार्सिया द ओर्ता, पोर्तुगीज डॉक्टर, स्पेनमधून हाकललेल्या ज्यू आई-बापाचा मुलगा. 1534 ला तो गोव्याला आला, पुढे मुंबई बेट त्याला राजाकडून भाडेपट्ट्याने मिळालं होतं, आणि 1563 साली त्याने इथल्या औषधी झाडपाल्यावर लिहिलेलं पुस्तक गोव्यात छापलं गेलं. मेल्यावर 1580 ला इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या कोर्टाने, त्याची हाडं उकरून जाळली, ज्यू धर्म लपून पाळला म्हणून. आडनावांवर एवढा अख्खा लेख लिहिताना या माणसाला एक ओळ मिळायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

बायकांच्या नावाबद्दल एक लिहू का? माझं लग्न झालं तेव्हा माझं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललं, डिग्रीवर एक नाव, बँकेत दुसरं, आणि दर वेळी दोन्ही माणसं मीच हे सिद्ध करत बसायचं. ऑफिसात समोर जे फॉर्म यायचे त्यातल्या सत्तर वर्षांच्या आजीचं नाव तेच असायचं जे तिच्या जन्मदाखल्यावर होतं. तिथेही आईचं आडनाव म्हणजे शेवटी आईच्या बापाचंच आणि ते पुढच्या पिढीला गळून पडतं हे मला कळतं. पण स्पेनने 1999 च्या कायद्याने आईचं आडनाव आधी लावायची मुभा दिली आणि 2017 पासून तर कोणाचं पहिलं ते आई-बापाने मिळून ठरवायचं, वडिलांचं आपोआप पहिलं हा नियमच गेला. आपल्या राज्य सरकारने 2024 ला सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव आणलं ते वाचून मला खूप आनंद झाला होता. या विषयावर कुणीतरी नीट अभ्यास करून तुमच्याकडे लिहावं अशी माझी इच्छा आहे.

शेवटी विनंती दोन. एक, पुढच्या रविवारी लेखातल्या त्या दोन वाक्यांची दुरुस्ती छापा. दोन, नाव छापताना माणूस कुठला ते बघा. 30 ऑक्टोबर 2025 ला आमच्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला क्रिकेट वर्ल्डकपच्या सेमीफायनलला आपल्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 केल्या, 339 चं टार्गेट होतं, मी भाचीला घेऊन तिथे होते, घसा बसला होता ओरडून. दुसऱ्या दिवशी सगळे पेपर विकत घेतले आणि एका पेपरात तर एकाच पानावर तिचं आडनाव तीन प्रकारे, हेडिंगला रॉड्रिग्ज, बातमीत रॉड्रिगेझ आणि फोटोखाली रॉड्रिग्युएझ. ती मुंबईची मुलगी, एसवाली. ते लोक स्वतः रॉड्रिग्ज म्हणतात तर रॉड्रिग्जच छापा आणि सगळीकडे तेच छापा. कोलंबियाचा असेल तर रोद्रिगेस लिहा. स्पेनच्या माणसाचं नाव छापताना पहिलं आडनाव गाळू नका.

ते कात्रण मी ठेवलंय. फोटोखालचं नाव पेनाने दुरुस्त केलं आणि मग फाईलला लावलं.

आपली नियमित वाचक,
करावे गाव, नेरुळ, नवी मुंबई
(नाव छापू नये ही विनंती)